कमळाची कोयती

कमळाच्या कोयतीला बाजारात मान होता आणि कमळाच्या तोंडालाही. कोयती सासूकडून आलेली, तोंड मात्र तिचं स्वतःचं. रत्नागिरीच्या मच्छीबाजारात शिरलं की डाव्या हाताला, दुसऱ्या खांबाजवळ तिची बसायची जागा. वरचा पत्रा गळत नाही, खाली पाणी तुंबत नाही आणि आत येणारं गिऱ्हाईक आधी तिच्याच टोपलीत डोकावतं. अशी जागा मिळायला नशीब लागतं, नाहीतर सासू लागते. कमळाला सासू लाभली होती.

या बाजारातल्या बायकांनी आपल्यापुरता एक कायदा केला होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. जागा मुलाला मिळत नाही, लेकीलाही मिळत नाही, ती सासूकडून सुनेकडे जाते. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला की दुसऱ्या दिवशी सकाळी हंगामाचा पहिला बाजार भरतो. तेव्हा सासू सगळ्यांसमोर सुनेची ओटी भरते आणि आपली कोयती तिच्या हातात ठेवते. सून पहिला मासा कापते. तो विकायचा नाही, शेजारणीच्या टोपलीत ठेवायचा. मग उद्या हिला ताप आला किंवा पोर आजारी पडलं, तर शेजारीण एखादा दिवस हिच्या टोपलीकडे बघते. आणि ज्या घरातून बसायला कुणी येत नाही, त्या घराचं नाव त्या जागेवरून कायमचं जातं.

कमळा नवी नवरी असताना तिथे बसली, ती बसलीच. सर्वेश रांगायला लागला होता तेव्हा तिच्या नवऱ्याचा, शिवाचा, उजवा हात होडीवरच्या जाळं ओढायच्या विंचमध्ये सापडला. हात वाचला, पण तीन बोटं गेली आणि दोरखंड ओढायची ताकदही गेली. होडीच्या मालकाने दवाखान्याचं बिल भरलं आणि हात जोडले. त्या दिवसापासून घर चाललं ते दुसऱ्या खांबाजवळच्या त्या हातभर जागेवर. शिवा ओटीवर बसून लोकांची जाळी विणू लागला. जाळ्याची कड पायाच्या अंगठ्यात धरायची आणि डाव्या हाताने सुई चालवायची, असं त्याने स्वतःला शिकवून घेतलं. बायकोच्या कमाईवर जगतो म्हणून त्याला कधी कमीपणा वाटला नाही. उलट कुणी डिवचलं तर तो हसून म्हणे, "माझी बायको माझ्यापेक्षा चांगली तांडेल हाय. तिचं तारू कधी बुडालं नाय."

कमळाने कुणापुढे हात पसरला नाही, याचा तिला फार अभिमान होता. भारी साड्या नेसून बायका बाजारात येत, सुरमईवर बोट ठेवत आणि मग म्हणत, "थांबा हं, ह्यांना विचारते." कमळाला त्यांची मनापासून कीव यायची. एवढी शिकली-सवरलेली बाई आणि एका तुकडीसाठी फोन लावते! कमळाला कुणाला विचारायचं नव्हतं. आणि हीच न विचारायची सवय यंदा तिला नडली.

झालं असं, की तिचे गुडघे गेले. मे महिना संपता संपता ती बाजारातून उठताना खांबाला धरून उभी राहू लागली. तिची शेजारीण शेवंती हे बघत होती. शेवंतीही तिच्याइतकीच जुनी, जिवाभावाची आणि जिभेने तितकीच तिखट.

"कमळे, पुढल्या साली बसशील का नाय?" तिने भर बाजारात विचारलं. "तुझी सून काय बसायची नाय. ती पांढरा डगला घालून हिंडणारी. तुझी जागा जाते बघ आता."

कमळाच्या अंगाचा तिळपापड झाला. "कोण म्हणतो जाते? पुनवेच्या दुसऱ्या दिवशी माझी सून इथं बसंल. लिवून घे."

सगळ्या रांगेने ऐकलं. फाटकाबाहेर गटाराच्या कडेला उलट्या खोक्यावर बसणाऱ्या भाविकाने सुद्धा ऐकलं. भाविकाचा नवरा गोव्याकडच्या होडीवर म्हणून गेला तो परत आलाच नाही, आणि सासूने तिला घराबाहेर काढलं. सासू नाही म्हणून जागा नाही. ती उन्हात बसून दोन रुपये कमी करून मासे विकायची आणि त्यापायी कमळाच्या शिव्या खायची. भर बाजारात दिलेला शब्द म्हणजे दिलेला शब्द. जिच्या वतीने दिला ती तेव्हा दवाखान्यात कुणाचं तरी रक्त काढत होती, तिला याचा पत्ताही नव्हता.

रुचिरा दाभोळची. तिच्या माहेरी खाडीकाठी मासळीच, त्यामुळे वासाचं तिला नवल नव्हतं. चिपळूणला तिने लॅबचा कोर्स केला होता आणि लग्नानंतर रत्नागिरीतल्या एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये ती तात्पुरती लागली होती. तिचा पांढरा कोट ती पिशवीत गुंडाळून खोलीतल्या सगळ्यात वरच्या खुंटीला टांगायची, कारण त्या घरात उंबऱ्यापासून उशीपर्यंत सगळ्याला मासळीचा वास. कमळा तर त्या पिशवीला हातही लावायची नाही. बाजारातून आली की आमसुलाच्या पाण्याने हात धुवायची, लिंबू चोळायची, नाकाशी नेऊन हुंगायची आणि तरीही त्या खुंटीपासून चार हात लांबून जायची. नोकरीबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं, पण कोटाबद्दल तिला एक धाक होता.

शब्द दिला त्याच संध्याकाळी जेवताना कमळाने घरी बातमी दिली. दिली म्हणजे अशी, की जणू पाऊस कधी येणार ते सांगतेय.

सर्वेशचा घास हातातच राहिला. तो एका होडीवर इंजिन सांभाळायचा. आईच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता, पण आज बोलला. "आये, तिला आता कायम करतायत. साहेब स्वतः बोललेत. फंड, आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा, सगळं लागू होतं. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं हाय."

"मंग होऊ दे की हजर. बाजार दुपारला उठतो. दुपारची जाईल." कमळाने पातेलं पुढे सरकवलं. "आणि नोकरीचं काय सांगतोस मला? साहेब बदलला की नोकरी गेली. ही जागा कुणाच्या बापाला उचलता येत नाय. उद्या तुझ्या होडीला काय झालं, तुला काय झालं, तर ही पोर उपाशी मरणार नाय. मी मेली नाय तशी ही बी मरणार नाय."

हे ती मनापासून बोलत होती. आपल्याजवळची सगळ्यात मोलाची गोष्ट ती सुनेला देत होती. दागिने तिच्याकडे नव्हते, जमीन नव्हती. होती ती ही जागा.

रुचिरा ताटाकडे बघत होती. मग वर बघून हसली. "बरं आई. बसेन मी."

इतक्या पटकन म्हणाली, की कमळाचा जीव भांड्यात पडला. शिवा मात्र सुनेकडे बराच वेळ बघत राहिला आणि आमटी गार झाली तरी त्याने भात कालवला नाही.

रुचिरा का हो म्हणाली, हे कळायला थोडं मागे जायला हवं. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिला टायफॉइड झाला होता. कमळा तेव्हा ऐन हंगामात घरी बसली. पापलेटचे दिवस, बाजारात पाय ठेवायला जागा नाही आणि ही सुनेच्या उशाशी पेज घेऊन. रुचिराने कितीदा सांगितलं, "आई, जा तुम्ही, मी पडून राहीन." कमळा म्हणायची, "तू बरी हो. मासे काय, दर्यात हायत." ते दिवस घराने सुकट आणि भातावर काढले. रुचिराला ते विसरता येत नव्हतं. त्या बाईने शब्द दिलाय आणि तिची मान खाली जाऊ द्यायची नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. दुपारचं हजर होणं वगैरे काही नसतं, हे तिला ठाऊक होतं. तिने ते सांगितलं नाही आणि कमळाने विचारलं नाही.

जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या, समुद्र बंद, बाजारात सुक्या मासळीवाल्या दोन-चार. एरवी कमळा सुकं घेऊन दारोदार फिरायची, यंदा गुडघ्यांनी तेही बंद केलं. सुट्टीच्या दिवशी रुचिरा कोयती घेऊन मागच्या पडवीत बसायची. खाडीतलं काहीबाही मिळायचं, त्याच्यावर हात बसवायची. कमळा पाटावर बसून शिकवायची. "शेपटीकडनं धर. घाबरू नको त्याला, तो मेलेला हाय."

एकदा कोयती निसटली आणि बोटातून भळभळा रक्त आलं. रुचिरा हसत म्हणाली, "आज माझंच सँपल निघालं बघा." कमळाने पदर फाडून पट्टी बांधली. त्या पोरीची बोटं किती निमुळती आहेत, हे तिने पहिल्यांदाच नीट बघितलं. आपली बोटं तिने पदराखाली घेतली. तिच्या बोटांवर तीस वर्षांचे काटे आणि खवले यांचे वण होते.

श्रावण लागला. पुनव तोंडावर आली. शेवंतीला चक्कर येत होती, डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली होती. "चल गो माझ्यासंगं, तुझी सून टोचणार असंल तर मी जाईन. दुसरीच्या हातून नाय," ती म्हणाली. कमळा गुडघा चोळत तयार झाली. सून जिथे काम करते तो दवाखाना तिने तोवर बाहेरून सुद्धा बघितला नव्हता. जाण्याआधी तिने आमसुलाच्या पाण्याने दोनदा हात धुतले.

लॅबच्या बाहेर बाकावर माणसं बसली होती. एक म्हातारा थरथरत होता. आतून एक मुलगी आली, "चला आजोबा," म्हणाली, तर तो उठेच ना. "रुचिराबाई आहेत ना? मग मी थांबतो," म्हणाला. त्याच्यामागच्या बाईनेही मान डोलावली. शेवंतीने कमळाला कोपराने ढोसलं. कमळाचा ऊर भरून आला. कोण गिऱ्हाईक कुणासाठी थांबतं, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? बाजारात अशी माणसं जोडायला तिला अर्धं आयुष्य लागलं होतं.

पडदा थोडा सरकलेला होता. पांढरा कोट घातलेली रुचिरा त्या म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन त्याच्या नातवंडांची चौकशी करत होती आणि बोलता बोलता सुई कधी आत गेली आणि बाहेर आली ते त्याला कळलं नाही. तिचा चेहरा कमळाने घरी कधी असा बघितला नव्हता. घरी ती सून होती, नीट वागणारी, हळू बोलणारी. इथे तिची पाठ ताठ होती आणि नजर स्थिर. कमळाला ती बसण्याची ढब ओळखीची वाटली. दुसऱ्या खांबाजवळ ती स्वतः अशीच बसायची.

"तुम्ही रुचिराच्या सासूबाई का?" मघाची मुलगी जवळ आली. तिच्या कोटावर ओवी असं नाव होतं आणि तोंडाला बांध नव्हता. "बरं झालं भेटलात. अहो, समजवा ना तिला. कायमची ऑर्डर आयती चालून आली तर नको म्हणतेय. पुनवेपर्यंतच येणार म्हणाली. साहेब म्हणाले, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत वाट बघतो, नाही आली तर मग दुसरीला घेतो. घरी काही अडचण आहे का?"

कमळाने बाकाची कड धरली. "दुपारी येईल की ती," ती कशीबशी म्हणाली.

"दुपारी?" ओवी हसली. "आजी, रक्त सकाळीच काढतात. उपाशीपोटी."

परत येताना रिक्षात शेवंती साखरेबद्दल बोलत होती आणि कमळाच्या कानावर काही पडत नव्हतं. अडचण. घरी काही अडचण आहे का, असं ती मुलगी म्हणाली. तिच्या सुनेच्या वाटेतली अडचण म्हणजे ती स्वतः. हा विचार तिला इतका लागला, की घराजवळ रिक्षा थांबली तरी ती उतरेना.

शिवा ओटीवर जाळं विणत होता. कमळा त्याच्याजवळ टेकली आणि सगळं सांगून मोकळी झाली. शेवटी म्हणाली, "पण मी काय चुकीचं केलं? या जागेनं आपल्याला जगवलं. तीच तर देतेय तिला."

शिवाने सुई खाली ठेवली. "यंदाच्या पावसात आपलं घर कशावर चाललं गो?"

कमळा पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"सर्वेशची होडी वर. तुझा बाजार बंद, तुझे गुडघे बंद. तरी यंदा आपण कुणाकडे गेलो नाय. त्या पोरीच्या पगारावर चाललं. तुझ्या ध्यानात आलं नाय असं नाय, तू बोलली नाय." तो रागावला नव्हता. उलट त्याचा आवाज मऊ झाला होता. "माझा हात गेला, तेव्हा मालकानं हात जोडले. तुझे गुडघे गेले, तुला तर हात जोडायला सुद्धा मालक नाय. सर्वेश झाला तेव्हा तू किती लवकर बाजारात जाऊन बसलीस, आठव. ओली बाळंतीण. टोपली डोक्यावर घेतलीस तेव्हा मी तोंड फिरवून रडलो. बसलीस तर पैसे, उठलीस तर नाय. तिला पोर झालं तर ती घरी बसंल आणि पगार घरी येईल. उद्या तिचे गुडघे गेले तरी फंड हाय. तुला पोरीला जागा द्यायची हाय, का तिला तुझ्यासारखी ताठ बघायची हाय?"

"ताठ बघायची हाय," कमळा म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

"मंग झालं तर."

"झालं काय? बाजारात शब्द दिलाय मी."

शिवाने पुन्हा जाळ्याची कड अंगठ्यात धरली. "तो तू दिलास. फिरवायचा बी तूच."

बोलायला सोपं होतं. कमळा दोन दिवस नीट जेवली नाही. शब्द फिरवला तर लाज जाणार, ते ती सोसेल. पण जागा? सासूने त्या जागेवर तिला बसवलं तेव्हा तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली होती, "आता तुला भीती नाय." ती जागाच गेली तर आपल्याजवळ उरलं काय? पन्नाशी उलटलेली बाई, अधू नवरा, दुखरे गुडघे. तिला खरोखर भीती वाटत होती आणि ती कुणाला दाखवायची तिला सवय नव्हती. सुनेला बोलावून सांगावं, तर ती ऐकायची नाही. "आई, तुमचा शब्द," असं म्हणून हसेल आणि बसेल. कमळाने तिला आता ओळखलं होतं.

पुनवेला सगळी वाडी बंदरावर लोटली. दर्याला नारळ गेला, पोरीबाळींनी फेर धरला. रुचिरा नवी साडी नेसून सगळ्यांत हसत होती. कमळा गुडघ्याचं निमित्त करून घरीच राहिली. घर रिकामं झाल्यावर तिने आमसुलं कोळली, लिंबू कापलं, कोपरापर्यंत हात घासले आणि जन्मात पहिल्यांदा त्या वरच्या खुंटीला हात घातला. कोट धुतला. पण वाळत कुठे घालायचा? तिच्या अंगणात बोंबील, शेवंतीच्या अंगणात सुकट. मग तो ओला कोट पातेल्यात झाकून ती एकेक पायरी धरत टेकडावरच्या एका मास्तरणीकडे गेली. "बाई, तुमच्या गच्चीवर घालू का? तुमच्याकडे मासे शिजत नायत म्हणून आली." मास्तरणीने घातला आणि वाळल्यावर इस्त्रीही करून दिली.

रात्री पिशवी खुंटीवर नाही हे रुचिराच्या लक्षात आलं नाही, कारण तिने तिकडे बघायचंच टाळलं होतं.

सकाळी पहिला बाजार भरला. जेटीवरचा लिलाव आटपून टोपल्या आत येत होत्या. शेवंतीने ओटीचं ताट आणलं होतं, रांगेतल्या बायका आपापलं सोडून भोवती जमल्या होत्या. फाटकातून भाविकाही टाचा वर करून बघत होती. रुचिराने केस घट्ट बांधले होते, साडीचा काचा मारला होता. कमळाने तिची ओटी भरली, तिच्या कपाळाला कुंकू लावलं. मग टोपलीतली कोयती उचलली. लाकडी मूठ सासूच्या आणि तिच्या हाताने गुळगुळीत झालेली.

रुचिराने दोन्ही हात पुढे केले. ते हात अजिबात कापत नव्हते, आणि नेमकं तेच बघून कमळाने मान फाटकाकडे वळवली.

"भाविका!" तिने हाक मारली. "ये गो आत."

भाविकाला वाटलं, आज पहिल्याच दिवशी शिव्या. ती घाबरत आली. कमळाने कोयती तिच्या हातात ठेवली.

जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग शेवंती ओरडली, "कमळे, डोकं फिरलं काय तुझं? ती तुझी सून नाय!"

"नाय."

"मंग? सुनेलाच जागा जाते. आणि बसवीन म्हणून शब्द दिलास तू सगळ्यांदेखत!"

"दिला, आणि आता फिरवते. चुकलं माझं. जिला बसवायची तिला मी इचारलंच नाय." कमळा खांबाला धरून उभी होती. "माझ्या सासूनं मला ही जागा दिली, कारण मला दुसरं काय येत नव्हतं. हिला येतं. हिच्याकडे माणसं रांग लावून थांबतात, तू बघितलंस शेवंते, तुझ्या डोळ्यांनी बघितलंस. आणि या भाविकेला नवरा नाय, सासू नाय. तिनं कुणाची सून व्हायचं मग जागा मिळायला? दंड काय तो सांगा."

शेवंतीने ओटीचं ताट बाजूला ठेवलं. तिला तो म्हातारा आठवला असावा. मग हळू आवाजात, फक्त कमळाला ऐकू जाईल असं म्हणाली, "अगो, पण तुझं म्हातारपण? ते कशावर?"

"माझी सून नोकरीला हाय," कमळा म्हणाली.

रुचिरा अजून हात तसेच पुढे धरून उभी होती. तिचे डोळे वाहत होते. "आई, मी बसले असते. मनापासून बसले असते."

"ठाऊक हाय मला. म्हणून तर तुला सांगितलं नाय." कमळाने तिचा काचा सोडवून साडी सारखी केली. "सर्वेश बाहेर गाडी सुरू करून उभा हाय. कोट त्याच्याजवळ हाय. मी धुतलाय, पण वास नाय लागू दिला. मास्तरणीच्या गच्चीवर वाळवला. नवाच्या आत पोच."

रुचिरा पाया पडायला वाकली. कमळाने घाईघाईने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "हात नको लावू बाय. आता कोयती धरली होती मी. तुला साहेबापुढे उभं राहायचंय, वास येईल."

रुचिराने तिच्या पाठीमागून ते हात ओढून काढले आणि खवल्यांसकट आपल्या गालांवर दाबून धरले.

"येऊ दे," ती म्हणाली.

ती गेली. फाटकाबाहेर गाडीचा आवाज लांब गेला तरी कमळा तशीच उभी होती. भाविकाने पहिला बांगडा कापला आणि शेवंतीच्या टोपलीत ठेवला. शेवंतीने तो उचलून हुंगला, नाक मुरडलं, "तुकडे जाड केलेस," म्हणाली आणि पदराखाली ठेवून घेतला. मग तिने दंड सांगितला. सगळ्या रांगेला चहा, तोही कमळाच्या पैशाने आणि आलं घातलेला.

कमळा खाली टेकली. खांबाजवळ नाही, खांबाच्या बाजूला, भाविकाच्या मागे. तिथून बाजार जरा वेगळा दिसत होता. मन हलकं झालं होतं आणि दुखतही होतं.

तेवढ्यात नेहमीची एक बाई आली, भारी साडीतली, हातात फोन. नव्या चेहऱ्याकडे बघून थबकली. "कमळाबाई, तुमची सून बसणार होती ना आजपासून? कुठे आहे ती?"

"कामावर गेली!" कमळा म्हणाली, आणि इतक्या मोठ्याने म्हणाली की बाहेरचा चहावाला किटली हातात धरून आत बघू लागला.